मोडी, मंगल आणि आमचे जुने यंत्र

गेल्या वर्षी दिवाळीला जेमतेम आठवडा उरला होता. सहामाहीचे चित्रकलेचे कागद तपासून मी हात धुतले आणि दिवेलागणीला माझा संगणक उघडला, तो पडद्यावर एक निरोप हजर. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची देखभाल बंद होईल, तरी आपण नव्या प्रणालीकडे वळावे, अशा आशयाचा तो मजकूर होता. भाषा मोठी अदबशीर होती. घर रिकामे करायला सांगणारा मालकही पहिल्या दिवशी असाच अदबीने बोलतो.

ज्यांना या यंत्राशी देणेघेणे नाही अशा वाचकांसाठी सांगतो. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. आपण टंकलेले अक्षर कोठे ठेवायचे, पडद्यावर कसे दाखवायचे, कोणत्या प्रोग्रॅमला आत घ्यायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे सारे तो ठरवतो. आमच्या कोकणातल्या जुन्या माणसांना खोत म्हटले की हे चटकन समजते. खोत बदलला की कुळाची वहिवाट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागे.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, पण तिला आमच्याकडे कोणी शिक्षण म्हणत नाही. फळ्यावरचे सुविचार, स्नेहसंमेलनाचे फलक आणि बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता अक्षरांशी सलगी झाली आणि त्या सलगीतूनच तीन कादंबऱ्या लिहून झाल्या. तिन्ही या यंत्रात आहेत. शिवाय आणखी एक फाइल आहे, सेहेचाळीस पानांची. २००६ साली वडील अंथरुणावर असताना त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि मी त्या ऐकत ऐकत टंकल्या. कागदावर त्यांची प्रत कधी काढली नाही. आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता वडील गेले, आणि मग ती फाइल उघडायचा धीर बरीच वर्षे झाला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याला बोलावले. त्याने यंत्र पाहिले आणि डॉक्टर नाडी पाहून गप्प बसतो तसा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, ह्याच्यावर नवीन सिस्टिम बसायची नाही.” ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या ‘विंडोज ११’ला सुरक्षिततेची एक खास चिप लागते आणि प्रोसेसर साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीतला लागतो, माझे यंत्र २०११ चे. “नवे यंत्र घेऊ,” मी म्हणालो. तेव्हा त्याने खरी गोष्ट सांगितली. विंडोज १० ही ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या अशा दोन्ही अवतारांत मिळत होती. अकरावीला ३२ बिटांचा अवतारच नाही. आणि मी ज्या मराठी लेखनाच्या प्रोग्रॅमात वीस वर्षे लिहीत आलो, तो ३२ बिटांच्या जमान्यातला. यंत्राच्या पाठीत एक छोटे कुलूप खोचल्याशिवाय तो उघडत नाही, आणि ते कुलूप ओळखणारी खूणगाठ नव्या कारभाऱ्याजवळ नाही. फायलीही त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या घडणीच्या, दुसरीकडे न उघडणाऱ्या.

म्हणजे नवे यंत्र मिळेल, नवी प्रणाली मिळेल, पण माझे लिखाण दाराबाहेर राहील.

त्या रात्री मला माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली. आमच्या घरात ती आजोबांपासून आहे. आत कागद आहेत आणि ते सगळे मोडीत आहेत. आजोबांना मोडी अशी येई की बोरू उचलला न उचलला एवढ्यात पान भरे. वडिलांचा जन्म १९४१ चा. ते वरच्या वर्गांत जाईपर्यंत शाळांतून मोडीची उचलबांगडी झाली होती, त्यामुळे आपल्याच बापाचे अक्षर त्यांना कधी वाचता आले नाही. त्या कागदांत आमच्या आजीच्या माहेरच्या एका शेताचा करार आहे असे घरात बोलले जाई. त्या शेतावरून वाद झाला, तारखा पडल्या, पण पेटीतला नेमका कागद कोणता हे सांगणारा माणूस वेळेवर भेटला नाही. शेत गेले. पुष्कळ वर्षांनी मी ते सात कागद एका मोडी जाणकाराकडे नेले. त्यांतले पाच नारळाच्या हिशेबाचे निघाले, एक लग्नातल्या देण्याघेण्याचा, आणि सातवा खरोखरच त्या शेताचा करार होता. जाणकार गृहस्थ तो वाचत असताना मी त्यांच्या चष्म्याकडे पाहत होतो. त्यांच्या तोंडाकडे पाहण्याची हिंमत नव्हती.

मोडीचा इतिहास येथे थोडा सांगितला पाहिजे, कारण एक लेखनव्यवस्था जाऊन दुसरी आली तेव्हा काय घडले याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला तोच आहे. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने ही लिपी लंकेहून आणली अशी एक दंतकथा आहे. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. खरी गोष्ट एवढी, की कित्येक शतके मराठी मुलुखाचा कारभार या लिपीत चालला. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ तिने ठेवलाच नाही. तो आजच्या मुलांना ऐकवला की त्यांना फार आवडतो. पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ बाळबोधीत, व्यवहार मोडीत, अशी सरळ वाटणी होती. वेग हे मोडीचे बळ होते आणि तेच तिच्या मुळावर आले. कारण हाताने झरझर लिहिताना जी अक्षरे एकमेकांत सहज गुंततात, त्यांचे सुटे खिळे पाडणे महाकर्मकठीण. शिळाप्रेसवर मोडी छापता येई, पण खिळ्यांच्या छापखान्याला बाळबोधच सोयीची पडली.

या बदलाच्या उंबरठ्यावर आमच्याच जिल्ह्याचा एक माणूस उभा आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. ते पत्र १८४० मध्ये बंद झाले आणि बाळशास्त्री १८४६ मध्ये ऐन उमेदीत वारले. मला त्यांच्याविषयी नेहमी वाटते ते असे, की ज्या मुलुखात सारा व्यवहार मोडीत चालत होता, तेथल्या वाचकापुढे त्यांनी छापील बाळबोध ठेवली. त्या वेळी कोणी जुना कारकून म्हणाला असेल, “शास्त्रीबुवा, आमचे मोडीत उत्तम चालले आहे, हे नवे कशाला?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याचे खरोखरच उत्तम चालले होते.

पुढे जावजी दादाजींसारखा मनुष्य निघाला. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारा हा मुलगा. त्याने स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना उभारला. निर्णयसागरी वळण आजही पाटी रंगवताना माझ्या हातात असते. पण बाळबोध जिंकली तरी तिचे दुखणे संपले नाही. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपुढे आपली काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळ्यांची पेटी जुळाऱ्यापुढे मांडावी लागे. ती संख्या आटोक्यात आणण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनी केला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे मांडली, त्या काळी आमचे मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मग मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबा बाळबोधीत लिहीत तेव्हा ‘घरांत’ असे टिंब देत. वडिलांनी ते टिंब हळूहळू सोडले. आणि मी तर ते फक्त जुन्या पुस्तकांत पाहिले. म्हणजे प्रणाली बदलणे हे आपल्या घराला नवे नाही. तीन पिढ्यांत आम्ही दर वीस-पंचवीस वर्षांनी काहीतरी बदललेच आहे, फक्त तेव्हा पडद्यावर निरोप येत नसे.

वडील कचेरीत टंकलेखक होते. मराठी टंकलेखन यंत्रावर त्यांची बोटे पाहत मी लहानाचा मोठा झालो, आणि एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली होती, जिचा अर्थ पुढे कळला. त्या यंत्रावर ‘भ’ नावाचे अक्षरच नव्हते. अर्धा भ होता आणि काना होता. दोन्ही खटके दाबले की ‘भ’ तयार व्हायचा. म्हणजे यंत्राला अक्षर माहीत नव्हते, अक्षराचे तुकडे माहीत होते. चित्रकाराला यात वावगे काही वाटणार नाही. आम्हीही अक्षर तुकड्यातुकड्यांनीच रंगवतो. पण पाटीवरचे अक्षर वाचायला माणूस असतो. यंत्राला मात्र आपण काय लिहिले याचा पत्ताच नव्हता.

संगणक आले तेव्हा हाच धागा पुढे चालला. येथे दोन वाटा फुटल्या आणि माझ्यासारखे हजारो लोक चुकीच्या वाटेने गेले; त्यात आमचा दोष फारसा नव्हता, कारण सोपी वाट तीच होती.

पहिली वाट शहाण्या माणसांची. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे काम सुरू झाले, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. कल्पना अशी, की यंत्रात अक्षराचे चित्र साठवायचेच नाही, अक्षर साठवायचे. ‘क’ला एक क्रमांक, पहिल्या वेलांटीला एक क्रमांक; त्यांची जोडणी करून चित्र काढण्याचे काम यंत्राने पाहावे. सर्व भारतीय लिप्यांचा पाया एकच असल्याने एकच क्रमांकपट्टी सगळ्यांना पुरते. या पद्धतीला ‘इस्की’ म्हणत आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी परदेशात जगातल्या सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीसाठी इस्कीचीच १९८८ ची मांडणी उचलली. देवनागरीला तेथे १२८ घरे मिळाली, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ‘क’ २३२५ व्या घरात राहतो, ‘भ’ २३४९ व्या घरात. तुम्ही मालवणात लिहा नाहीतर मॉरिशसात, ‘भ’चा पत्ता बदलत नाही.

दुसरी वाट आमच्यासारख्यांची. बाजारात फाँट आले. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे, की झाले काम! हिंदी मुलुखात फार चाललेल्या कृतिदेव फाँटाचे उदाहरण घ्या. त्यात ‘भारत’ लिहिले की यंत्राच्या लेखी ते एच, के, के, जे, आर असे पाच इंग्रजी वर्ण असतात. एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना. पुढचा के पुन्हा काना, मग जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. वडिलांचे टंकलेखन यंत्र जणू पडद्यावर आले. तो फाँट आहे तोवर भारत दिसतो; फाँट काढला की इंग्रजी अक्षरांचा पाचोळा. प्रत्येक कंपनीची घरे वेगळी, त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्याकडे वाचता येईना. सरकारी कचेऱ्यांत ‘सुरेख’, ‘योगेश’ अशी गोड नावे असलेले फाँट चालत, छापखान्यांत आणखी कुठले. मी २००३ साली शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून पहिले यंत्र घेतले, तेव्हा दुकानदाराने एका कंपनीचा प्रोग्रॅम कुलपासकट दिला आणि मी आनंदाने घेतला. अक्षर देखणे होते. माझ्यासारख्याला आणखी काय हवे?

खरे पाहता तेव्हा दुसरा रस्ता उघडलेला होता. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या ‘विंडोज २०००’ मध्ये देवनागरी युनिकोड होते आणि त्याबरोबर ‘मंगल’ नावाचा फाँट आला होता. तो घडवला र. कृ. जोशींनी, आपले कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. जगातल्या कोट्यवधी पडद्यांवर जे देवनागरी अक्षर वर्षानुवर्षे दिसले, ते एका मराठी कवीच्या हातचे होते. ही गोष्ट आमच्या शाळांत शिकवत नाहीत. जोशी २००८ मध्ये गेले. मंगल पाहून मी तेव्हा नाक मुरडले होते, हे कबूल केले पाहिजे. पडद्यावर वाचण्यासाठी केलेले ते साधे अक्षर मला पाटीवाल्याच्या नजरेने सपाट वाटले. शिवाय ऑक्टोबर २००१ च्या ‘एक्सपी’वर मराठी सुरू करायची म्हणजे आतल्या खोलीत जाऊन एक खूण करायची आणि मग यंत्र सीडी मागायचे. ती सीडी कोणाकडे असायची?

तक्रारीही खऱ्या होत्या. आपल्या मराठीला लागणारा ‘बॅट’मधला अर्धचंद्र ‘अ’वर ठेवून ‘ॲ’ लिहायचा, तर त्याला युनिकोडात घरच नव्हते. ते २००८ साली मिळाले, २४१८ वे. त्याआधीच्या यंत्रांवर ‘ॲ’च्या जागी अजूनही रिकामा चौकोन दिसतो. संगणकावरच्या पुष्कळ फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत. त्यावर महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढून मराठी वर्णमालेचे रूप ठरवून दिले, पाकळीचा ल आणि देठाचा श धरून. नव्या व्यवस्थेत आपले अक्षर बसत नसेल तर भांडून घर मागून घ्यावे लागते, आणि मागणाऱ्यांना ते मिळालेही. मी मागणाऱ्यांत नव्हतो. मी माझ्या कुलूपबंद प्रोग्रॅमात सुखाने कादंबऱ्या लिहीत होतो.

२०१४ हे वर्ष मला या सगळ्या हकिकतीत फार चमत्कारिक वाटते. त्या वर्षी ८ एप्रिलला एक्सपीची देखभाल संपली आणि जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतःची घरे मिळाली. जिला आम्ही मेलेली समजून पेटीत ठेवली होती, तिला जागतिक क्रमांकपट्टीत कायमचा पत्ता. आणि ज्या फाँटात मी, जिवंत माणूस, त्याच वर्षी माझी तिसरी कादंबरी लिहीत होतो, त्याला कोठेच पत्ता नाही. आजोबांचे नारळांचे हिशेब उद्या कोणी टंकले तर ते पुढची पन्नास वर्षे वाचता येतील. माझ्या कादंबरीची मात्र पाच वर्षांची खात्री नव्हती.

मोडीची विद्या टिकली ती काही आपोआप नव्हे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या अडगळीतून कागद गोळा करून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला सुरुवात केली आणि बावीस खंड काढले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत छापले. या माणसांना दोन्ही लिप्या येत होत्या. एका बाजूने मोडी वाचायची आणि दुसऱ्या बाजूने बाळबोध लिहायची. असा दुभाषा हयात आणि हाताशी होता तोपर्यंतच ते काम होणे शक्य होते. आमच्या घरात असा दुभाषा म्हणजे आजोबा. त्यांना कोणी सांगितले नाही की, बाबा, मरायच्या आधी हे सात कागद बाळबोधीत उतरवून ठेव. त्यांनाही ते सुचले नाही. आपले अक्षर कोणाला वाचता येणार नाही, हे कोणालाच आधी खरे वाटत नाही.

विद्यार्थ्याने माझ्यापुढे तीन मार्ग ठेवले होते. विंडोज १०ची देखभाल काही अटींवर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळू शकत होती. दुसरा मार्ग ‘लिनक्स’चा. ती प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रांवर चालते, आणि केरळातल्या सरकारी शाळांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी आपलीशी केली आहे. ती त्याने मला लावूनही दाखवली. मराठी सुरेख दिसत होती. पण माझा जुना प्रोग्रॅम तेथेही उघडेना. तिसरा मार्ग नवे यंत्र, नवी प्रणाली आणि हप्ते. चौथा मार्ग मी मनात धरला होता तो असा, की काहीच करायचे नाही. २०१४ मध्ये मी तेच केले होते आणि आभाळ कोसळले नव्हते.

त्या दिवसांत एका संध्याकाळी किनाऱ्यावर एका वृद्ध रापणकराशी बोलत बसलो होतो. आमच्या किनाऱ्यावर रापण आणि यांत्रिक नौका यांचा झगडा जुना आहे. तो माणूस त्या झगड्यात उभा राहिलेला, त्यामुळे नव्या यंत्रांविषयी त्याच्याकडून शिव्याच ऐकायला मिळतील असे मला वाटले होते. मी माझी अडचण सांगितली. त्याला संगणकातले किती कळले देव जाणे, पण तो म्हणाला, “मास्तरानू, होडी बदलली म्हणान जाळां कोण दर्यात टाकून देता? आधी जाळां उतरयतत, मगे होडी विकतत.” आणि मग त्याने माझ्याकडे तंबाखूची चंची सरकवली.

संक्रांतीला नवे यंत्र घेतले. जुने तसेच ठेवले, फक्त त्याची इंटरनेटची तार काढून टाकली. बाहेरच्या जगाशी संबंध नाही म्हटल्यावर देखभाल नसल्याचे भय उरत नाही. मग मे महिन्याच्या सुट्टीत जाळी उतरवायला बसलो. जुन्या प्रोग्रॅममधून मजकूर उचलायचा, तो इंग्रजीचा पाचोळा होऊन बाहेर येतो. तो पाचोळा एका परिवर्तकात घालायचा आणि युनिकोड बाहेर काढायचे. ऐकायला सोपे आहे. पण आमच्या जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडात ती अक्षरानंतर येते, कारण तिचा उच्चार नंतर होतो. रफाराचे उलटे. ‘सूर्य’ लिहिताना डोळ्यांना रफार शेवटी दिसतो, पण जिभेला ‘र’ आधी येतो. डोळ्यांच्या क्रमाने लिहिलेली तीन पुस्तके जिभेच्या क्रमाने पुन्हा मांडायची होती. परिवर्तक बहुतेक ठिकाणी ते नीट करी आणि दर दोन-चार ओळींमागे एकदा चुके.

त्यातही सर्वांत वाईट चूक आपल्या मराठीच्या खास ‘ऱ्या’ची. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे परिवर्तकाचे त्याच्याशी पटत नव्हते. एका कादंबरीत माझे कोळी ‘दऱ्यात’ होड्या लोटत होते आणि घाटातले प्रवासी ‘दर्या’ उतरत होते. आचार्यांचे आचारी झाले. बायको शेजारी बसून वाचून दाखवी आणि मी सुधारी. सुट्टी संपेपर्यंत पहिली कादंबरी झाली.

मग वडिलांची फाइल घेतली.

वडील बोलले ते मालवणीत आणि कचेरीच्या मराठीत, दोन्हींच्या मिसळीत. बोटीच्या धक्क्यावरचे दिवस होते, टंकलेखनाची परीक्षा होती, १९८१ मध्ये आमचा वेगळा जिल्हा झाला तेव्हाची धांदल होती. त्या पानांत परिवर्तकाने काय मोडले आणि वडिलांनीच तसे सांगितले होते काय, हे ठरवायला दुसरा कोणी साक्षीदार नव्हता. दर शब्दाला उठून जुन्या यंत्रावर जाऊन मूळ अक्षर पाहायचे आणि परत येऊन नव्यावर दुरुस्त करायचे. दोन टेबलांमधली पाच पावले मी त्या पावसाळ्यात किती वेळा चाललो कोण जाणे.

अठ्ठाविसाव्या पानावर कोयनेच्या भूकंपाची हकिकत आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. वडील तेव्हा फोंडाघाटाला कामावर होते. जमीन हलली, माणसे अंगणात आली, आणि वडील सांगतात की सगळी ‘दऱ्याकडे’ तोंड करून उभी राहिली. नव्या यंत्रावर असे उमटले होते. मी विचार केला, फोंडाघाट सह्याद्रीच्या पायथ्याशी. समोर दऱ्याच आहेत. वरचे टिंब परिवर्तकाने खाल्ले असेल, ‘दऱ्यांकडे’ असणार. तरी सवयीने उठून जुन्या यंत्रावर पाहिले. तेथे स्वच्छ रफार होता: दर्याकडे. फोंड्याहून समुद्र दिसत नाही. मी २००६ साली चुकीचे ऐकून टंकले, की घरदार मालवणात सोडून आलेला तो सव्वीस वर्षांचा टंकलेखक अंधारात खरोखर घराच्या दिशेने तोंड करून उभा राहिला होता?

मी ‘दर्याकडे’ तसेच ठेवले आणि पुढच्या पानाला लागलो. अजून अठरा पाने आहेत, आणि मग दोन कादंबऱ्या.